माळावरची वाळवी

न्हाय, न्हाय, शेंगदाणं न्हाईत, ताई. वाळवी हाय — पाऊस उघडल्यावर वारुळातनं पंख फुटून निघती ना, ती. तोंड नका वाकडं करू! मीठ-तिखट लावून तव्यावर भाजलीया, वास तर बघा, भुईमुगावानी हाय का न्हाय? आमची मंडळी, बनाबाई, ह्या कऱ्हाटीचीच लेक. माळावरचं घर — ह्येच खाऊन वाढली. लग्न हून बावड्याला आली, तर माझी आई म्हणायची, किडं खाणाऱ्यांची पोर. झालं! तवापासनं तिनं ह्या वाळवीचं नाव काढलं न्हाय. जन्मात न्हाय. मी तरी कुठं इचारलं?

आन आता बारामतीच्या दवाखान्यात पडलीया, घास जाईना, पाणी जाईना — आन परवा मला जवळ बोलवून म्हणती, "अवो, वाळवी खावीशी वाटती." मी म्हणलं, आणतो की! पण कुठनं आणू? बावड्यात वारूळच ऱ्हायलं न्हाय, बांधसुदीक नांगरून ऊस लावलाय, आन हाय तितं औषध मारलेलं. मग आलो हितं, मेव्हण्याकडं, गेणबाकडं. त्यो आधी हसला, मग त्येचं डोळं भरलं. माळाला एक वारूळ हुतं अजून. काल दिस बुडताना निघाली बघा — आमी दोघं म्हातारी, कंदील लावून खाली पाण्याची परात धरली, टपाटप पडाय लागली! भाजून, सुपात पाखडून पंख उडवलं, सगळं माझ्या हातानं.

तुमी बारामतीच्याच गाडीला ना? मी बी त्याच गाडीनं जाणार हुतो. पण मगाशी लखनचा फोन आला, आमच्या पोराचा — "आबा, दवाखान्यात येऊ नका. फाट्यावरच थांबा, सूरज गाडी घिऊन येतोय तुमास्नी न्यायला." सूरज म्हंजी नातू — कधी न्हवं ते मला न्यायला गाडी! मी इचारलं, आईला घास जातोय का रं? मग म्हणला, "आईला बावड्याला घिऊन चाललोय" — आन रडाय लागला. बऱ्या झालेल्या माणसाला घरी न्हेताना रडतं का कुणी, ताई?

न्हाय रडत. गेली ती. त्येनं सांगितलं न्हाय, मी इचारलं न्हाय.

ऱ्हाऊ द्या, तुमी काय बोलू नका. आली बघा तुमची गाडी. जावा, जागा धरा. माझ्याकडं काय बघताय — जावा की!