बारावं नाव

काजल : मावशी, आज तिसरी खेप. दाराला कुलूपच आहे. आता ‘भेट झाली नाही’ असं लिहून पुढं जावं लागेल मला.

मंगलाबाई : नको लिखू, माय. कुलूप शे, पन घर बंद नही. चावी मन्हाकडे शे. दर सुक्रवारले मी झाडस.

काजल : पण जाहेदाबी राहतात कुठं?

मंगलाबाई : सुरतले. मुजाहिद, तिना पोऱ्या, तिले संगे लई गया. तू माले इचार ना. चाळीस वरीस भीतले भीत लागेल शे आमनी. तिले गोड चहा चालत नही, उजवा गुडघा दुखस. समदं माले ठाऊक शे.

काजल : तुमचं नाव माझ्या अभ्यासात नाही, मावशी. धानोऱ्यातल्या साठीपुढच्या बायांची यादी घेतली, पहिलं नाव चिठ्ठी टाकून काढलं आणि तिथून दर बारावं. जाहेदाबींचं आलं. तुमचं त्यांच्या खालचं.

मंगलाबाई : एका नावनी काय फरक पडस?

काजल : जी घरात सापडेल तिलाच विचारत गेले, तर माझ्या वहीत मागं राहिलेल्याच बाया येतील. गेल्या त्यांचं काय झालं, कुणालाच कळणार नाही.

मंगलाबाई : ...हाई खरं शे.

काजल : कॉलेजातले सर म्हणाले, बाई स्वतः बोलणार असेल तर फोन चालेल. नंबर आहे?

मंगलाबाई : शे. पन मी नही लावस.

काजल : भांडण झालं?

मंगलाबाई : नही वं. मुजाहिद बोलना, काकू, तुमना फोन उना का माय दोन दिन रडस, गावले लई चाल म्हनस. पोरनं बी चुकत नही. तवयपासून चार महिना व्हई ग्यात.

काजल : द्या. मी लावते. हे माझं काम आहे.

(फोन स्पीकरवर.)

काजल : जाहेदाबी, मी काजल, लोणखेड्याच्या कॉलेजातून. वयस्कर बायांचा दिवस कसा जातो, त्याचा अभ्यास करतेय. तुमचं नाव निघालंय.

जाहेदा : मन्हं? आजून धानोरानी यादीमा शे मी?

काजल : आहात.

जाहेदा : मंग इचार, बेटा.

काजल : घरात माणसं किती?

जाहेदा : पाच. समदा चांगला शेत. सून गरम रोटी वाढस.

काजल : गेल्या महिन्यात मनातलं बोलायला कुणी होतं?

जाहेदा : ...खिडकी शे. चौथा मजला. खाल रस्ता दखास.

काजल : ‘नाही’ लिहू?

जाहेदा : लिख. पन मन्हा पोरले नको दखाडू.

काजल : वहीत नाव येत नाही. शेवटचा प्रश्न. तुम्हाला राहायला कुठं आवडेल?

जाहेदा : तू कोठेन बोली ऱ्हायनी?

काजल : तुमच्याच ओट्यावरून.

जाहेदा : मंग मंगल बी तठेच व्हई.

काजल : शेजारी बसल्यात.

जाहेदा : बोलस काबर नही?

मंगलाबाई : तुन्हा नंबर लागना, जाहेदा. मन्हा नही.

जाहेदा : मंग तुले मी इचारस. जेवनी का?

मंगलाबाई : नही. आते जेवसू.