अर्धं शटर

सुमेध : अंकल, मी परत तेच सांगतोय. आमचा सर्व्हेवाला आला त्या दिवशी दुकान बंद होतं. पुनर्विकासात बंद धंद्याला प्राधिकरण स्थलांतराचा खर्च देत नाही. तुमचा क्लेम रिजेक्ट झालाय.

युजीन : बंद नव्हतं साहेब. शटर अर्धं होतं.

सुमेध : अर्धं म्हणजे?

युजीन : कमरेपर्यंत ओढलेलं. वाकून आत यायचं.

सुमेध : हा बघा फोटो. वर बोर्ड, ‘युजीन शवपेटी, नायगाव’. खाली शटर. माणूस दिसतोय कुठे?

बर्था : मानूस आत होता. हे रंधा मारत होते, मी पेटीचं अस्तर शिवत होते. तुमच्या सर्व्हेवाल्याला वाकता येत नाय? कंबर मोडली असती त्याची?

सुमेध : अंकल, मिसेसना जरा सांगा.

युजीन : बर्था, थांब. कसं आहे साहेब, गावात कोणी गेलं की घरचे पेटी सांगायला येतात. रडत येतात. समोर रिक्षा स्टँड. अख्ख्या रस्त्याने बघत बसावं असं ते नसतं. म्हणून ऑर्डर आली की आम्ही शटर अर्धं ओढतो. माझे वडीलपण ओढायचे.

सुमेध : म्हणजे पूर्ण उघडं असतं तेव्हा काम नसतं, आणि काम असतं तेव्हा बंद?

बर्था : अर्धं.

सुमेध : आंटी, आमच्याकडे दोनच ऑप्शन आहेत. चालू नाहीतर बंद.

युजीन : मग पुन्हा पाठवा कुणाला तरी.

सुमेध : सर्व्हे संपला. तुम्ही अपील केलंत, तेव्हा रेग्युलर कस्टमरचं पत्र मागितलं होतं. तुम्ही चर्चच्या फादरचं लावलंत. फादर कस्टमर नाहीत.

बर्था : आमचं गिऱ्हाईक एकदाच येतं, नि ते पत्र लिवत नाय.

सुमेध : त्यांच्या घरच्यांचं आणायचं.

युजीन : फेबियनकडे गेलो होतो. त्याच्या आईची पेटी माझ्या हातची. दारात मला बघितलं आणि मटकन खाली बसला. त्याला वाटलं, आता कोण गेलं. त्याचा भाऊ बोटीवर असतो ना. मी पाणी प्यालो आणि परत आलो. पत्र काय मागणार?

सुमेध : सोमवारी जेसीबी लागणार आहे, अंकल. रिकामं तर करावंच लागेल.

युजीन : करतो की. पण जाऊ कुठे? नव्या टॉवरखाली गाळा बघितला, सोसायटीने हाकललं. पोरं घाबरतात म्हणे. वालीवला एक फॅब्रिकेशनवाला अर्धा गाळा देतोय. तिथे करवत मशीन न्यायची, खाली पाया भरायचा, लाइट घ्यायची. तुमचा खर्च मिळाला तरच ते होतं. नाहीतर मशीन भंगारात, आणि मी घरी.

बर्था : बांधा टॉवर. चांगले उंच बांधा. वर राहायला गेलं की मानसं मरत नसतील.

सुमेध : मला कळतंय हो, आंटी.

बर्था : कळतंय तर लिवा ना तसं.

सुमेध : लॉक झालंय ते. मी कंत्राटावर आहे इथे. माझ्या हातात माऊस आहे, बाकी काही नाही.

(युजीनचा फोन वाजतो.)

युजीन : बोल, टिफनी... कधी?... हां. हां, पोरी. रड तू, मी आहे फोनवर... नको, उंची नको सांगू. तुझा बाप आमच्या टीमचा गोलकीपर होता, मला ठाऊक आहे तो केवढा... सागवान नको, उगाच महाग पडेल. क्रूस कसला हवा ते दुकानावर येऊन बघ... आम्ही निघालोच.

बर्था : ऐकलंत? तुमच्या टेबलावर ऑर्डर आली. आता टाका, धंदा चालू.

सुमेध : ऐकलं.

बर्था : मग?

सुमेध : मी ऐकलेलं चालत नाही, आंटी. सॉरी.

युजीन : चल, बर्था. आज शटर पार वर टाक. रिक्षावाले बघू देत, ह्यांचा माणूस येऊन फोटो काढू दे. मी रस्त्याकडे तोंड करून रंधा मारतो.

बर्था : टाकते. आनि टिफनी यील, ती?

(युजीन खिशातून दुकानाची चावी काढून बर्थाच्या हातात देतो.)

बर्था : सांगा ना. टाकू वर?

युजीन : अर्धं ठेव.