गालावर तीट असलेलं पोस्टर

माझं नाव दिना. आम्ही मूळचे रेवदंड्याकडचे यहुदी, आजोबांचा तेलाचा घाणा, शनिवारी बंद म्हणजे बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं, आणि हे मी आधीच सांगते, लिहून घ्या, कारण तिकडे सबंध गावाला ठाऊक होतं आम्ही कोण ते, ते सिद्ध करायची पाळी आली ती इथे, यहुद्यांच्या, आपल्या म्हणवणाऱ्या मुलखात येऊन. जन्म माझा माझगावचा. बाबा तिथे एका स्टुडिओत फोटोग्राफर, तान्ह्या पोरांचे फोटो त्यांच्याकडेच यायचे, मी त्यांच्या हाताखाली शिकले. ते गेले, मग बासष्ट साली आई, मी, थोरली बहीण अबीगेल आणि तिचा नवरा असे इकडे आलो. बाबांचा दोन भिंगांचा कॅमेरा आईने साड्यांत गुंडाळून आणला. किर्यात गात गावच्या शिकूनमध्ये, म्हणजे या सरकारी चाळींत, आम्हाला जागा मिळाली, मी कापडाच्या फॅक्टरीत लागले, आणि उरल्या वेळात पोरांचे फोटो.

हे काम सोपं वाटतं, पण नाही, माझ्यासारखीला तर मुळीच नाही. माझा पाय बसल्या जागी हलत असतो, आई म्हणते तुला स्वस्थ बसायचा शाप आहे. पण तान्हं पोर कुणाच्या घाईवर चालत नाही. आधी हात गरम करायचे. पोराने दूध प्यायलं की ढेकर निघेपर्यंत थांबायचं. फ्लॅशचा बल्ब बाबांनी कधी पोरावर पेटवला नाही, तो तापतो, क्वचित फुटतोही, आणि पोर दचकतं ते वेगळंच. खिडकीचा उजेड घ्यायचा, इथलं ऊन डोळे फोडतं म्हणून खिडकीला पांढरी चादर. पोराला एकटं टेकवून ठेवायचं नाही, मान कुठे असते त्याला? आई चादरीखाली बसते, मानेखाली तिचा हात, फोटोत दिसत नाही पण असतो. आणि मग वाट बघायची.

वाट बघायला मला इथे सगळेच शिकवतात. कचेरीत जा, सावलानूत, म्हणजे धीर धरा. घराचं गळतं सांगा, सावलानूत. आमच्या हिंदुस्थानी माणसाने दुसरीकडून आलेल्या यहुद्याशी लग्न ठरवलं की धर्मगुरूंच्या लग्नाच्या कचेरीत विचारणार, तू यहुदी कशावरून, तुझी आई कोण, तिची आई कोण, तिची आई कोण, आणि आम्ही तोंड उघडलं की पुन्हा सावलानूत. काय सांगू तुम्हाला, पोरासाठी मी अर्धा दिवस बसेन. कारकुनासाठी का बसू? मी पत्रकं लिहायला लागले ती त्या रागावर. आई म्हणाली, लिही, लिही, मग तुला बायको करणार कोण. मी म्हटलं, जो पणजीचं नाव विचारणार नाही तो.

तर यंदा, चौसष्टच्या उन्हाळ्यात, ही चौकशी बंद करा म्हणून जेरुसलेमला जाऊन रस्त्यावर बसायचं ठरलं. आमच्या ब्लॉकमधले एलिजाकाका आमच्या लोकांच्या कमिटीचे पुढारी, मुंबईला रेल्वेत टीसी होते, अजून माणसाकडे तिकीट मागितल्यासारखंच बघतात. ते म्हणाले, दिना, पोस्टर पाहिजे, तान्ह्या मुलाचा फोटो, खाली हिब्रूत लिहू, ही यहुदी आहे, चौकशी कसली करता. तान्हं मूल म्हणजे अबीगेलताईचं. ताईला दोनदा दिवस गेले आणि राहिले नाहीत, त्यानंतर ही मुलगी, ती तिला कुणाच्या नजरेलासुद्धा पडू देत नव्हती. मी तिला म्हटलं, ताई, ही मोठी होऊन लग्नाला उभी राहील तेव्हा तिलाच विचारतील. ती म्हणाली, काढ, पण पोरीला त्रास नाही, आणि तीट लावल्याशिवाय नाही.

गालावर काजळाची तीट लावून ताई पोरीला घेऊन चादरीखाली बसली. पोर शांत होईना. उचक्या लागल्या, मग दूध, मग लंगोट, मग परत दूध. काका बाहेर जिन्यावर. झालं का? नाय झालं. आता? नाय. शेवटी दारातून मान आत घालून म्हणाले, अगो जरा चिमटा काढ, रडकं मूल बघून लोकांना कळवळा येतो. ताई चादरीखालून बोलली, काका, माझ्या पोरीला कुणी हात लावला तर फोटोही नाही नि पोस्टरही नाही. मी काकांना चहा प्यायला आईकडे पिटाळलं. माझाही पाय हलतच होता, तो मी दुसऱ्या पायाने दाबून धरला. उजेड उतरायला लागला तेव्हा पोरीच्या उचक्या थांबल्या आणि तिने डोळे उघडून सरळ भिंगात बघितलं, रडणं नाही, हसणं नाही, नुसतं बघणं. मी तेवढा एकच काढला.

पोस्टरं छापून आली आणि गालावर तीट नाही. मला वाटलं छपाईचा दोष. काका म्हणाले, दोष नाय, मीच छापखान्यात पुसायला सांगितली. अगो, ती कचेरीतली माणसं आधीच म्हणतात हे कसले यहुदी, हिंदूंच्या रीती पाळतात, आणि तू त्यांच्या तोंडासमोर काजळ धरतेस? काकांची भीती खोटी नव्हती, तसं म्हणणारे आहेतच. पण ताईने पोस्टर हातात घेतलं नि तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, सगळ्या जेरुसलेमची नजर लागणार माझ्या पोरीला, आणि उघड्या गालाने? हे जाणार नाही. मग माझं तोंड सुटलं. मी म्हटलं, काका, आपण जातोय ते आपण आहोत तसे यहुदी आहोत हे सांगायला, आणि पोरीचा गाल पुसून जायचं? मग कचेरीत आणि तुमच्यात फरक काय?

काका खुर्चीवर बसले. ताईने काजळाची डबी आणली आणि जमिनीवर बसून एकेका पोस्टरला बोटाने तीट लावायला लागली. आई बसली. शेजारची मोरोक्कोची सुलिका आली, तिने काय चाललंय ते विचारलं आणि म्हणाली, आमच्याकडे निळा मणी बांधतात, द्या इकडे, आणि तीही बसली. काका बघत राहिले, शेवटी म्हणाले, माझ्या हातात देणार ते, त्याला जरा बारीक लावा. सुलिकाने मुद्दाम रुपयाएवढी लावली. काका तिला म्हणाले, बाई, तू कमिटीत नाहीस हे बरं आहे. पण घेतलं त्यांनी तेच पोस्टर.

पोरीला उन्हात न्यायचं नाही हे ठरलेलंच होतं, ती सुलिकाकडे राहिली. जेरुसलेमला रस्त्यावर बसलो. एक तरुण गृहस्थ ताईपुढे थांबला, म्हणाला, पोस्टरवर हा डाग कसला? ताईला हिब्रू बोलायची लाज, दुकानातसुद्धा मलाच पुढे करते. काका घाईघाईने म्हणाले, शाई सांडली. ताई म्हणाली, शाई नाही, मी लावली, मी तिची आई. तो जायला निघाला तर तिने त्याला थांबवून पोस्टरवरची हिब्रू ओळ वाचून दाखवली, अडखळत, पण पूर्ण. तो ऐकून पुढे गेला. तिचा ब्लाऊज तोवर दुधाने ओला झाला होता, तिने पदर ओढून घेतला आणि परतीची बस येईपर्यंत तिथेच बसली.

चौकशी बंद करायची की नाही याचा निकाल अजून नाही. आम्ही पुन्हा जेरुसलेमला बसायला जाणार आहोत, ताईही येणार, आता पोस्टर घ्यायला तिला कुणी सांगावं लागत नाही. मला झोप लागत नाही, फॅक्टरीत मशीनपुढे उभी असते नि डोक्यात पुढच्या पत्रकाची ओळ फिरत असते. तुम्ही लिहिताय ते लिहा, पण जरा हळू बोला, आत पोर आत्ताच झोपली आहे. देव तिला मोठं आयुष्य देवो, आणि ती लग्नाला उभी राहील तेव्हा तिला नवऱ्याचं नाव विचारावं, पणजीचं नाही.