विठू तांडेलाची दोन बोटं

माणसाची गेलेली दोन बोटं परत उगवतात काय, एवढंच मला कोणीतरी सांगा! सात महिने विचारते आहे. शाळेतले मास्तर म्हणतात, सोड. गुरव म्हणतो, देवाला असलं विचारू नकोस. आणि ज्यांना सगळं ठाऊक, ते आज शाल पांघरून, गळ्यात हार घालून बसलेत. त्यांना गाडीत बसू देण्याआधी...

हो भाई, कळली खूण. आधी नावं घ्यायची असतात.

तर आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे कार्यवाह भाई, कणकवलीहून एसटीचे धक्के खात आलेले प्रमुख पाहुणे, कॉलेजातले जयराम सर, सत्कारमूर्ती अप्पा, व्यासपीठावरची बाकीची थोर मंडळी, आणि खाली पंख्याखालची जागा धरून बसलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो. मी सुगंधा. या वाचनालयाची झाडलोट बारा वर्षं करते. शाळा तिसरीपर्यंत. भाषण माझ्या हाताने लिहून आणलंय. मध्येच अडले तर हसू नका, मीही तुमची भाषणं गप्प बसून ऐकली.

आत्तापर्यंत सगळ्यांनी सांगितलं की अप्पांनी सव्वीस वर्षं पुस्तकं सांभाळली. सांभाळली, खरं आहे. पण आणखी एक गोष्ट सांभाळली, ती कोणी बोललं नाही. ती मी बोलते.

पाहुण्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. वाचनालयाच्या टीव्हीवर आम्ही बायका 'तांडेलाचं घर' बघायचो. तेरा भागांची मालिका. विठू तांडेल गलबत हाकणारा, त्याची बायको रुक्मिण. पाचव्या भागात दोरात अडकून विठूच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. आठव्या भागात त्याची आई वारली. तेराव्या भागात विठू गलबत घेऊन गेला, वादळ झालं, रुक्मिण किनाऱ्यावर उभी राहिली आणि वर अक्षरं आली, 'समाप्त'. असा कुठे शेवट असतो काय हो? जानकीने टीव्हीवर थाप मारली, म्हणाली, "बंद पडलो गो ह्यो!"

मग मुंबईच्या एका साप्ताहिकाने पुढची गोष्ट चित्रांत छापायला सुरुवात केली. दर आठवड्याला एक पान. दर गुरुवारी दुपारी, बाजार आटोपला की आम्ही चौदा जणी पडवीत बसायचो आणि अप्पा अंक उभा धरून, चित्र दाखवत वाचायचे. चौथ्या आठवड्यात विठू घरी आला. त्या दिवशी आमची मथुरा घरी गेली आणि तिने छपराचे नळे, म्हणजे कौलं, परतून बसवायला माणूस बोलावला.

मथुरा माझी जाऊ. तिसऱ्या रांगेत बसली आहे, तिला विचारूनच बोलते. तिचा नवरा, माझा दीर महादू, नऊ वर्षांपूर्वी बोटीवर कामाला गेला. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, मग काही नाही. मथुरेचे भाऊ म्हणतात, वालावलीला माहेरी ये, घराला कुलूप लाव. ती जात नाही. नळे परतते.

श्रावणात अप्पा तापाने पडले. गुरुवार तर आला. म्हटलं, मी वाचते. अक्षर अक्षर लावून वाचायला बसले आणि बघते तर काय? विठू जेवायला बसलाय आणि त्याच्या डाव्या हाताला पाची बोटं! मागे त्याची मेलेली आई फणसाच्या आठळ्या सोलत बसलीय! आणि समुद्राला नारळ द्यायच्या आधीच गलबत भर पाण्यात! चित्र काढणाऱ्याने समुद्र कॅलेंडरावरच पाहिला असणार.

मी कपाट उघडून मागचे सगळे अंक काढले. पहिल्यापासून तसंच. मग आम्हाला दिसलं कसं नाही? तर अप्पा अंक धरायचे तो असा, अंगठा बरोबर विठूच्या हातावर ठेवून. आणि म्हातारी दिसली की वाचायचे, "शेजारची आजी म्हणाली."

तापातून उठल्यावर विचारलं, "अप्पानु, ह्या काय?"

म्हणाले, "सुगंधा, चित्रकाराने मालिका नीट बघितली नसेल. पण गोष्ट तुटलेली दिसली असती तर तुम्ही उठून गेला असता."

मला ते पटलं नाही. चूकच कशावरून? आलेला माणूस विठू नसेलच तर? दुसराच कोणी त्याचं नाव सांगून घरात शिरला असेल तर? बायकांत दोन तट पडले. शेवटी आम्ही देवाकडे कौल लावायला गेलो. शिवा गुरव ओरडला, "चित्रातल्या माणसाचो कौल देव कसो देतलो गो?" पण लावला. अर्धा तास देवाने अंगावर लावलेली एकही पाकळी सोडली नाही, ना उजवी ना डावी. देवालाही ठाऊक नसावं.

मथुरा मात्र त्या गुरुवारी आली नव्हती, आणि तिला मी अंगठ्याचं सांगितलं नव्हतं, बाकीच्यांनाही सांगू दिलं नव्हतं. धीर होत नव्हता. परवा सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "माका ठावक होता. अप्पांच्या आंगठ्याखाली काय आसा, ता कळाक शाळेत कित्याक जावक होया?"

"मगे बोललस नाय ती?"

"घो घराक इलो, तर दोन बोटा जास्त हाडल्यान म्हणान काय त्येका खळ्यात उभो करतलंय?"

दोन बोटं जास्त आणली म्हणून घरी आलेल्या नवऱ्याला अंगणात उभा ठेवायचा काय! त्या दिवसापासून मला झोप नाही. कारण माझा प्रश्नच बदलला. सात महिने मी विठूची बोटं मोजत बसले. रुक्मिणीकडे बघितलंच नाही. पुन्हा अंक काढले. तो घरी आल्यापासून प्रत्येक चित्रात ती त्याला वाढते आहे आणि नजर ताटात आहे. एकदाही हाताकडे नाही. हे चित्रकाराने मुद्दाम काढलं की तेही चुकून?

अप्पानु, तुम्ही उद्या मुंबईला लेकीकडे चाललात. साप्ताहिकाची कचेरी तिच्या घरापासून दोन बसथांब्यांवर आहे, पत्ता मी अंकावरून उतरून तुमच्या पिशवीत घातलाय. येत्या गुरुवारपासून वाचायचं काम माझ्याकडे. मला अंगठा ठेवायला जमणार नाही, माझं बोट अक्षरांवर लागतं.

आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. वाचनालयाने मला बोलायला उभं केलं, पुढच्या वेळी करणार नाही, तेही समजून आहे. कोणाचं नाव राहिलं असेल, कोणाला शब्द लागला असेल, तर झाडणारीचा केर समजून बाजूला सारा. अप्पानु, तुमच्या पायांवर डोकं ठेवते, तुम्ही आमचे चौदा जणींचे गुरुवार सांभाळलेत.

पण पंधरा तारखेच्या बुधवारी, टपाल वाटायच्या वेळेपर्यंत मला कार्ड हवं. बोटांचं विचारू नका. चित्रकाराला एवढंच विचारा, की रुक्मिणीने ती बोटं मोजली की नाही? दुसऱ्या दिवशी गुरुवार आहे, आणि पडवीत मथुरा पुढे बसते.