भैरूचा श्वास

सगुणाबाईंची धाकटी लेक रत्ना सासरी गेली, त्या वर्षीची ही गोष्ट. पण मंडळी, आधी एक सांगा — शिट्टी वाजली नाही, तर गडी बाद होतो का? मागचे मान हलवतायत, नाही होत म्हणून. बसा तसेच. ऐका.

लेकीची पाठवणी झाली आणि सगुणाबाईंनी अंथरूण धरलं. धाप काही थांबेना. लेकापाशी ध्यास एकच, पंचक्रोशीला ठाऊक झालेला — "भैरू, निनाई एकदा आपल्या दारात येऊ दे रे."

निनाईचं देऊळ डोंगरावर. देवी खाली उतरायची ती चैत्री पुनवेच्या जत्रेला. पायथ्याच्या माळावर कोथळी आणि निमसर या गावांचा हुतूतूचा सामना व्हायचा. जिंकेल त्या गावात पालखीचा मुक्काम. भैरू कोथळीचा. तो कळता झाल्यापासून पालखी निमसरलाच जात होती.

त्या वर्षी सामना बरोबरीत आला. दिवस कलला होता. माळावरची धूळ सोन्यासारखी तरंगत होती. शेवटची चढाई भैरूची. एका श्वासात जायचं, एका श्वासात यायचं. मध्ये तुटला तर गडी बाद.

हुतूतूतू म्हणत त्यानं रेष ओलांडली — आणि काय सांगू, त्याला ढोल ऐकू येईनात, माणसं दिसेनात. फक्त आपलाच आवाज, लांब विहिरीतून यावा तसा. त्या आवाजात पहाटेचं जातं होतं, जात्यावरची आई होती. वाऱ्यावर चालावं तसा तो गेला, निमसरच्या गोपाळाच्या खांद्याला बोट लावलं आणि वळला.

रेष दोन पावलांवर राहिली आणि दम तुटला. एवढासा. पाखरानं पंख मिटावा एवढा. भैरूनं श्वास घेतला, पुन्हा हुतूतू धरलं, रेषेवर हात टेकला.

कुणाला कळलं? कुणालाच नाही. पंच होते गुरव मास्तर, नियमांचं पुस्तक उशाला घेऊन झोपणारा माणूस. त्यांनी गोपाळाला बाद दिलं. कोथळीनं भैरूला खांद्यावर घेतलं. उंचावरून त्याला पालखी दिसली, गुलालात न्हालेली. आता ही आपल्या दारात. आई उशीवरून मान उचलेल.

"मला खाली ठेवा," तो म्हणाला.

मास्तरांपुढं जाऊन उभा राहिला. "मास्तर, माझा दम तुटला होता."

"मी ऐकला नाही. पंच देईल तोच निकाल, असं लिहिलंय पुस्तकात."

"पुस्तक बरोबरच आहे. पण श्वास माझा होता ना."

चुलता कानाशी लागला, "येडा झालास का? घरी आईला काय सांगशील?"

"ती विचारेलच ना काका, कसा जिंकलास म्हणून."

मास्तरांनी पुस्तक काढलं. उघडलं नाही. तसंच खिशात ठेवलं. भैरू बाद, सामना निमसरचा, पालखीही निमसरची.

दिवेलागणीला भैरू घरच्या उंबऱ्यावर बसला. आत आईची धाप. सांगायचं कसं? तेवढ्यात ढोल वाजले. त्याला वाटलं, माळावरचेच कानात राहिलेत. मग गल्लीच्या तोंडाशी दिवट्या दिसल्या, आणि पालखीच्या दांडीखाली गोपाळा!

चुलता पुढं झाला. "अरे, निमसर तिकडं राहिलं. चकवा लागला काय?"

"मुक्काम आमच्याकडंच," गोपाळा म्हणाला. "पण जायचं कुठल्या वाटेनं, ते कुठं लिहिलंय? विचारा मास्तरांना."

मास्तर मागून घाम पुसत येत होते. म्हणाले, "नाही बुवा लिहिलेलं."

पालखी दारात टेकली. भैरूनं आईला पाठीशी हात देऊन बसवलं. ती बघत राहिली, बघत राहिली. मग म्हणाली, "जिंकलास व्हय रे?"

"नाही, आई. दम तुटला."

"मग ही कशी आली?"

भैरूनं दारातल्या गोपाळाकडं बघितलं. तुम्हाला सांगता येईल?

मंडळी, दम आपलाही तुटतो. तराजूचा काटा धरताना, बांध कोरताना, भावाची वाटणी करताना. ढोल वाजत असतात, म्हणून कुणाला ऐकू जात नाही. आज घरी दिवा मालवताना आठवून बघा, कुठला श्वास गुपचूप घेतलात. मघाशी मान हलवलीत, त्यांनी जरा जास्त वेळ आठवा.

सगुणाबाई त्याच वर्षी वारल्या, अक्षय्यतृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी.