वजीर सांभाळणारा किल्लेदार

मंडळी, एक विचारतो. माणूस भ्याला की आधी काय वाचवतो? जीव? छे! जे लाडकं, ते आधी पोटाशी धरतो! आणि त्या नादात दुसरंच काही जातं का? ऐका, मग सांगा.

सुभानजी खराडे, गडाचा किल्लेदार. बुद्धिबळाचा भारी नाद! पण आज खेळायला बसलाय कुठं? रायाजी पुंडाच्या तळावर! धाकटा भाऊ येसजी पुंडाच्या हाती सापडलेला. रायाजी म्हणाला, "एक डाव! जिंकलास, भाऊ ने. हरलास, मुंडकं ने!"

पटाशेजारी येसजी गुडघ्यावर. मानेवर तलवार. सुभानजीला प्यादं उचलवेना हो! 

आता तिथली एक रीत. समोरच्याच्या वजिरावर मारा केला, की तोंडानं सांगायचं — सांभाळा! केवढा सभ्यपणा! आपला शेजारी बांध कोरताना सांगतो का? — तर रायाजीनं आपला वजीर त्याच्या वजिरासमोर आणला. पाठीशी घोड्याचा जोर. "खराडे, वजीर सांभाळा!"

वजिराला वजीर, मारामारी सारखीच! पण सुभानजीला वाटलं, वजीर गेला तर भावाला वाचवणार कोण? घेतला मागे! लगेच प्यादं गेलं. पुन्हा "सांभाळा!" पुन्हा मागे. उंट गेला! पुंड हसतोय. येसजीच्या मानेवर रक्ताचा थेंब आलाय.

"दादा," येसजी कसाबसा बोलला, "वजीर वाचला. माझं काय?"

 भीतीभीतीनंच सुभानजीनं पट नीट पाहिला. अरे! रायाजीच्या राजाची मागची ओळ राखत होता तो त्याचा वजीरच — आणि सुभानजी पळणारच, या खात्रीनं पुंडानं तोच पुन्हा पुढे काढलेला!

"वजीर सांभाळा!"

"नाही सांभाळत!"

वजिरानं वजीर मारला! रायाजीच्या घोड्यानं तो परत मारला. आणि सुभानजीचा हत्ती सुटला तो थेट शेवटच्या ओळीत! शह! राजापुढे त्याचीच प्यादी, हलणार कुठं? मात!!

मानेवरची तलवार हटली. येसजीला मिठी मारली, तरी सुभानजी थरथरत होता. डाव जिंकला म्हणून नव्हे — आपल्याच हातानं भाऊ घालवत होतो, हे कळलं म्हणून!

हसू नका, मंडळी! तुमच्यासमोरही कुणी रोज ओरडतंय — अब्रू सांभाळा, जमीन सांभाळा, मोठेपणा सांभाळा! आणि तुम्ही पळताय. जरा मान वळवून बघा, तलवारीखाली घरातलं कोण बसलंय? भीती वाटली ना? वाटू द्या. आता मुठी सोडा — मुठीनं टाळी वाजत नाही! उघड्या हातानं म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!