हयात साक्षीदार

नाही हो, तुमच्या कानाबद्दल मला शंकाच नाही — बसा, बसा, उठू नका — डावा कान गेलाय हे मला ओरडून बोलावं लागतंय त्यावरूनच कळतंय. पण माझा घसा काही पुरावा होत नाही ना! नियम काय म्हणतो? तोफेचा गोळा पडला तेव्हा शेजारी हजर असलेला साक्षीदार आणा. आता शेजारचे सगळे गेले, असं तुम्ही म्हणता. मान्य. गोळा काय साक्षीदार राखून पडतो? पण माजी सैनिकांसाठी सरकारने काहीच केलं नाही, असं मात्र म्हणू नका हं — अठ्ठावीस वर्षं मी या टेबलावर आहे. पूर्वी कायदाच नव्हता, नुसता सत्कार व्हायचा. मग जखमी सैनिकांच्या पेन्शनचा कायदा आला, कायद्याला नियम आले, नियमांविरुद्ध दाद मागायला न्यायाधिकरण आलं — तिथे लिफ्टसुद्धा आहे, बंद असते ती गोष्ट वेगळी. आणि साक्षीदार पूर्वी दोन लागायचे, आता एकच! त्यासाठी समिती सात वर्षं बसली होती, गंमत आहे का?

दोन लागायचे तेव्हाच तर आमच्या दादाचा अर्ज — जाऊ द्या. हो, सख्खा थोरला भाऊ. उजवा हात खांद्यापासून कामातून गेलेला. अर्ज आला नेमका माझ्याच टेबलावर. दुसऱ्या कुणी डोळेझाक केली असती — मी नाही केली. लोक म्हणाले असते, घरचं काम घरच्या घरी उरकलं. लिहिलं लाल शाईने, ‘साक्षीदारांअभावी परत’. साहेबांनी पाठ थोपटली. वहिनी म्हणाली, भाऊजी, एकदा यांना आंघोळ घालायला या आणि मग लिहा. अकरा वर्षं झाली, दादा माझं तोंड बघत नाही. नियम बदलला तेव्हा मी पत्र पाठवलं — कार्यालयीन, जावक क्रमांक घालून. मला दुसरं लिहिता कुठे येतं? न उघडता परत आलं. चुकलं माझं, साफ चुकलं.

अहो, चहा घ्या ना, निवतोय. तर — पुलावरची तुकडी, आठ जण, असंच लिहिलंय ना तुम्ही? दादाही हेच सांगायचा. आठातला आणखी एखादा जगला असेल, पण त्याला शोधू कुठे, म्हणायचा. मघापासून तुम्हाला उगाच बसवून ठेवलं नाही मी. हा घ्या पत्ता, बसने दोन तास. तुम्ही त्याची साक्ष द्या, तो तुमची देईल. डाव्या हाताने सही करतो, चालते, मी बघतो. फक्त मी पाठवलं म्हणून सांगू नका, दार लावून घेईल. आणि परत याल तेव्हा मला एवढंच सांगा, केस फार पांढरे झालेत का हो त्याचे — नको, नको, तसला रकाना नाही आमच्याकडे. निघा तुम्ही, बस चुकेल. हं, पुढचे कोण आहेत? या.